प्रश्न विचारून गप्प बसणारी

माझ्या डोक्यावर जी बाई राहते, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर जिचं स्वयंपाकघर आहे, तिच्यासारखी प्रश्न विचारून गप्प बसणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये दुसरी सापडायची नाही. पनवेलच्या बाहेरचं मी बोलत नाही. बाहेरचं जग मी पाहिलंय किती? पाहिलं ते तिनेच. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा छोट्या देशात जाऊन, कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरींना मागे टाकून, ती तरुणपणी सौंदर्यसम्राज्ञी होऊन आलेली आहे. त्या देशाचं नाव ती सांगते, पण ऐकणारा हमखास म्हणतो, "हो हो, आमच्या मेव्हण्याचं विमान तिथेच बदलतं," आणि ते दुसऱ्याच देशाबद्दल असतं. मुकुट मिळाला, फोटो निघाले, आणि लोकांना वाटलं आता ही सिनेमात जाणार. ही गेली टीव्हीच्या बातम्यांत! हातात तो चॅनेलचं नाव लिहिलेला माइक, ज्याला ते लोक बूम म्हणतात, घेऊन उन्हातान्हात रायगड जिल्हा पालथा घालायला लागली. आज पंचावन्न उलटून गेली तरी तिची मान अशी ताठ की, खाली कचऱ्याचा डबा घेऊन उतरली तरी वाटावं, आता कुणीतरी टाळ्या वाजवणार.

चालण्याचंच आधी सांगते. तिला कुठल्याही टोकाला गेल्यावर साधं परत फिरता येत नाही. तिथे जायचं, क्षणभर थांबायचं, समोर बघायचं, मग खांदा आधी, कंबर मागून, अशी वळणार. मंचावर शिकवलेलं अंगात इतकं मुरलंय की कचऱ्याचा डबा ठेवला तरी वळण तेच. आमचा वॉचमन नवीन होता तेव्हा बिचारा पहिल्या दिवशी उठून उभाच राहिला. त्याला वाटलं, मॅडम आपल्याला काहीतरी बोलणार आहेत. आता त्याला सवय झाली. पण नवं कुणी राहायला आलं की आम्ही गॅलरीत उभे राहून बघतो, कचऱ्याच्या डब्यापाशी ते कसे दचकतात ते.

कपड्यांचं विचाराल तर तिची इस्त्री कायम अर्धीच. बातम्या स्टुडिओतून वाचायची तेव्हा टेबलाच्या वरचं तेवढंच दिसायचं, त्यामुळे वरचा कोट कडक, आणि खाली? खाली चुरगळलेला पायजमा! ती सवय गेली नाही. एकदा सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलेलं. ही आली निळाभोर कोट घालून, कानात मोती, केस असे बसवलेले. आणि खाली ससे छापलेला पायजमा. सेक्रेटरी साहेब सशांकडे बघत राहिले आणि टाकीचा मुद्दाच विसरले. मी तिला हळूच म्हटलं, "अगं, खाली बघ." ती म्हणाली, "काकू, फ्रेमच्या बाहेरचं मी बघत नाही."

आणि मुकुट! तो बघायला अजून लोक येतात. कुणाकडे पाहुणे आले की त्यांना गाढी नदीचा पूल दाखवतात आणि मग हिच्याकडे आणतात. ती सगळ्यांना चहा देते आणि सांगते, मुकुट नाही माझ्याकडे. "तो पुढच्या वर्षीच्या मुलीच्या डोक्यावर गेला. मुकुट फिरता असतो हो, भिशीसारखा." पाहुण्यांची तोंडं उतरतात. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती दातांना व्हॅसलिन लावण्याची युक्ती सांगते. म्हणजे ओठ दातांना चिकटत नाहीत आणि तासन्‌तास हसता येतं. आमच्या सोसायटीतल्या एका नवरीने ती करून पाहिली. रिसेप्शनला छान हसली, पण जिलेबी काही तिच्या दातांत धरेना. लग्नाबद्दल हिला स्वतःला विचारलं तर एवढंच म्हणते, "झालं होतं काकू. ते लाइव्ह होतं, त्याचं पुनःप्रक्षेपण नाही." त्याच्यापुढे मी कधी खोदलं नाही. खोदलं असतं तरी काय, तिने गप्प बसून मलाच बोलतं केलं असतं.

अजून एक. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नाही. मी म्हटलं, आज मेथी केलीय, तर ती "हो का?" म्हणते आणि आमच्या ह्यांच्याकडे बघते. ह्यांनी मान हलवली की मग मेथी खरी. मला राग यायचा सुरुवातीला. पण एकदा सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर बातमी आली की तळमजल्यावरचे आजोबा गेले. झालं! हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं "आधारवड कोसळला", कुणी "पोकळी भरून न येणारी". ही एकटी खाली उतरली आणि तिने बेल वाजवली. दार उघडलं आजोबांनीच, तोंडात ब्रश. गेले होते ते त्यांचे चुलतभाऊ, आपटा गावचे. तिने वर येऊन ग्रुपवर लिहिलं, "आजोबांशी प्रत्यक्ष बोलणे झाले. ते दात घासत आहेत." त्या दिवसापासून मेथीचं मला काही वाटत नाही.

पण ह्या सगळ्याच्या वरची सवय म्हणजे ते गप्प बसणं. ते आलं कुठून, हे तिने मला एकदा पोहे खाता खाता सांगितलं. स्पर्धेसाठी तिला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की, शेवटचा प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी हसायचं, श्वास घ्यायचा, अख्खं सभागृह खुर्चीत पुढे झुकेपर्यंत थांबायचं. मग बोलायचं. ती थांबली, सभागृह झुकलं, मुकुट मिळाला. टीव्हीवर आल्यावर मात्र तिच्या पहिल्याच लाइव्हला स्टुडिओतून विचारलं, "तिथली परिस्थिती काय आहे?" आणि ही सवयीने हसून थांबली. स्टुडिओला वाटलं लाइन तुटली. त्यांनी हिला काढून जाहिरात लावली. मागे दरड कोसळलेली, आणि ही हसतेय! साहेबांनी त्या दिवशी काय काय म्हटलं ते तिने सांगितलं नाही, पण पोह्यांवरचं लिंबू जरा जोरात पिळलं. त्यानंतर तिने ते थांबणं टाकून दिलं नाही, नुसतं जागेवरून हलवलं. आधी उत्तराच्या आधी थांबायची, आता प्रश्नाच्या नंतर थांबायला लागली. समोरच्याला एक साधा प्रश्न विचारायचा आणि मग शांत, मऊ नजरेने बघत राहायचं. माणसाला ती शांतता सोसत नाही हो. कंत्राटदार काय, पुढारी काय, न विचारलेलंही सांगून टाकतात. मी तर काय, तिच्यापुढे मेण. मला फार दिवस एक कुतूहल होतं की, मंचावर तिला शेवटचा प्रश्न विचारला तरी काय होता? मी कितीदा तरी विचारलं. ती माझ्याकडे नुसती बघायची, आणि थोड्या वेळाने बघावं तर मीच माझ्या जावेचं पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण सांगत असायची.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक दिवस ती खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा तसाच, पण वळणं वगैरे काही नाही, सरळ आली. म्हणाली, "काकू, ऑफिसात नवे साहेब आलेत. फार गोड बोलतात. म्हणाले, मॅडम, तुम्ही आता आत बसून मार्गदर्शन करा, बाहेरचं नव्या मुली बघतील." मी म्हटलं, "म्हणजे टीव्हीवर दिसायची नाहीस?" ती म्हणाली, "एक शेवटचं लाइव्ह दिलंय. चार मिनिटं. ते चाललं तर पुढचं बघू म्हणालेत." साहेबांना त्यासाठी विषय हवा होता, कालची सौंदर्यसम्राज्ञी आज चेहऱ्याला काय लावते. हिने मागितलं उलव्याच्या पुढचं खाडीकाठचं खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. तिथे कोळणी वर्षानुवर्षं बोंबील टांगतात, जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, पसरतात. सगळीकडे बांधकामं चाललीत, तशी त्या खळ्यावर आता भराव टाकून रस्ता काढायचं घाटत होतं. "ते खळं एकदा लोकांनी बघितलं पाहिजे. नंतर बघायला राहणार नाही," ती म्हणाली. साहेब कसेबसे कबूल झाले, वर म्हणाले, "पण बोलकी बाई शोधा हं मॅडम." म्हणजे बघा, त्या चार मिनिटांवर तिचं टीव्हीवरचं राहणंही होतं आणि त्या बायांचं खळंही.

मी म्हटलं, मी पण येते. पावसाळ्याचं सुकट भरायचंच होतं. गाडीत पुढे कॅमेरावाला, दाढीवाला, अबोल. मागे आम्ही दोघी. वाटेभर ती दातांवर व्हॅसलिन फिरवत होती आणि मी पिशव्या सांभाळत होते. खळ्यावर पोचलो तर काय तो वास आणि काय ते ऊन! दोरांवर बोंबलांच्या माळा, खाली जवळ्याचा गुलाबी गालिचा, आणि पलीकडे एक डंपर मातीचा ढीग ओतून मागे येतोय, टूं टूं टूं. बायांत सगळ्यांत म्हातारी होती तिला सगळ्या मोठी बाय म्हणत. अंगाने वाळक्या बोंबलासारखी, पण आवाज खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला जाईल असा. आम्ही गेल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं. एकीला म्हणे, "ए, जवळा उलथ, तुजं लक्ष कुठं हाय?" कॅमेरावाल्याला म्हणे, "तू दाढी कापून ये, बोंबील घाबरतील." आमची बाई माझ्या कानात म्हणाली, "काकू, बोलकी बाई मिळाली."

मग ती कानात ते यंत्र घालून उभी राहिली. कोट कडक. बूम पुढे. मोठी बाय समोर, पदर खोचून. स्टुडिओतल्या मुलीने नाव घेतलं, हिने दोन वाक्यांत जागा सांगितली, आणि मग वळून विचारलं, "मावशी, हे खळं गेलं, तर तुमचं काय जाईल?" आणि गप्प. तीच ती मऊ नजर.

मोठ्या बायने तिच्याकडे बघितलं. आणि तीही गप्प!

आता मी ह्या म्हातारीला नुकतंच दाढीवरून बोलताना ऐकलेलं. ती ओठ मिटून, डोळे बारीक करून, आमच्या बाईकडे बघतेय. आमची बाई तिच्याकडे बघतेय. एक कावळा उतरला, बोंबील ओढायला लागला, त्यालाही कुणी हाकललं नाही. कॅमेरावाल्याच्या कपाळावरून घाम. हिच्या कानातल्या यंत्रातून त्या स्टुडिओतल्या मुलीचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, "आवाज येतोय का? मॅडम, आवाज येतोय का?" डंपर आपला टूं टूं करतोय. मला वाटलं आता माझ्याच तोंडातून काहीतरी निघणार, म्हणून मी पदर तोंडात धरला. इकडे घरी आमचे हे टीव्ही बघत होते. त्यांना वाटलं चित्र गोठलं. त्यांनी उठून त्या डब्याला दोन चापट्या मारल्या. मग त्यांना कावळा हलताना दिसला आणि ते आणखीनच गोंधळले.

शेवटी स्टुडिओतली मुलगी म्हणाली, "आपला संपर्क तुटलेला दिसतोय," आणि साबणाची जाहिरात लागली. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. "मॅडम, कट केलं त्यांनी," एवढंच म्हणाला. हिने यंत्र कानातून काढलं. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. व्हॅसलिन, दुसरं काय.

मोठ्या बायने ओठ मिटूनच कॅमेऱ्याकडे हनुवटी उडवली. म्हणजे, गेला काय टीव्ही?

"गेला, मावशी."

"मंग तूच आधी बोललीस," असं म्हणून ती टाळी देऊन हसली. "बाय गं, मी जलमभर म्हावरा इकला. गिऱ्हाईक भाव इचारून गप उभा ऱ्हायला का आमी पन गप. जो आधी तोंड उघडंल तो गेला! तू अशी बघत उभी, मना वाटला ही घासाघीस करते."

आमची बाई अशी हसली, अशी हसली की, खाली जवळ्यावरच बसली. त्या कडक कोटासकट! मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचे सगळे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मोठी बाय पण शेजारी बसली. मग मात्र ती बोलली.

"काय जाईल इचारतेस? पोट तं भरंल कसा पन. पोरगा हाय, ताजा म्हावरा हाय. पन पावसात होडी बंद, तवा ह्योच सुका जवळा आमाला तारतो. आनि दुसरा सांगू? हितं आमी बाया बसतो. जवळा उलथता उलथता घरातला सगळा सांगतो. सून काय बोलली, पोरानं काय केला. खळा गेला तं मी कोनाला सांगू? घरात बसून सुनेचा गाऱ्हाना सुनेलाच सांगू?"

कॅमेरावाला हळूच म्हणाला, "मॅडम, घेऊ का?" हिने मोठ्या बायला विचारलं, "मावशी, हे दाखवू का लोकांना?" ती म्हणाली, "दाखव. सून टीवी बघत नाय, मोबाइल बघते." मग तिने सगळं परत सांगितलं, पहिल्यापेक्षा रंगवून, आणि सुनेचा भाग जरा वाढवला.

परत येताना गाडीत सुकटाचा वास कोंडला होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "काकू, तुम्ही विचारत होता ना, मला मंचावर काय विचारलं होतं?" मी पिशवी बाजूला ठेवून तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "विचारलं होतं, जग दोन मिनिटं तुमचं ऐकणार असेल, तर काय सांगाल. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. शांती, प्रेम, मुलं. इंग्रजी असं घोटलेलं होतं की, त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मी परतीच्या विमानात बसून शोधला." तिने काच खाली केली. "आज खरंच ऐकत होते लोक, आणि मी एक शब्द बोलले नाही." मी म्हटलं, "अगं, मग बोलायचंस ना! निदान नोकरी तरी..." ती म्हणाली, "मी बोलले असते तर ते उत्तर माझं झालं असतं, काकू. पाठ केलेलं एक देऊन झालंय माझं."

साहेबांनी लाइव्हबद्दल काय म्हटलं ते मी लिहीत नाही, ते गोडच बोलले असणार. मोठ्या बायचा तो तुकडा दोन दिवसांनी दुपारच्या बातम्यांत लागला, माणसं जेवून आडवी होतात तेव्हा. आम्ही माझ्या घरी बघितला. प्रश्न कापलेला, आमची बाई कापलेली, नुसती मोठी बाय आणि मागे बोंबील. मला फार लागलं ते. तिला बघावं तर ही खूश! "मी कुठेच नाही बघा. छान कापलंय." आणि महिना बदलला तशी ती खरंच कुठेच नव्हती. घरी लॅपटॉपवर बसून इतरांच्या बातम्या तपासायला लागली. पाऊस लागेपर्यंत शनिवारी मात्र उलव्याकडे जायची, हातात काही न घेता, आणि आली की जिन्याला वास. खळ्याचं पुढे काय होणार, ह्याचा पत्ता लागेना. कुणी म्हणे रस्ता सरकवला, कुणी म्हणे पावसानंतर भराव पडणारच. आणि पावसात तर खळं ओस, तिथे जाऊनही काय कळणार? पाऊस सरला तरी ती गेली नाही, म्हणाली, भराव पडलेला बघवणार नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ती चहाला आली होती. टीव्ही लावलेला. तिच्या जागी आलेली मुलगी उलव्याच्या पुढे, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभी राहून गाड्यांच्या रांगांबद्दल सांगत होती, भरभर, धापा टाकत, दर वाक्याला "नक्कीच". मी म्हटलं, "हिला काही तुझी सर नाही."  बघते तर ती कप खाली ठेवून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी.

"काकू, तिच्या मागे बघा."

मी चष्मा पुसला. त्या मुलीच्या खांद्यामागे, दूर, काहीतरी टांगलेलं दिसत होतं. दोर होते. त्यांच्याखाली दोन-तीन पाठी वाकलेल्या. तेवढ्यात ती मुलगी हलली आणि सगळं तिच्या केसांमागे गेलं.

बातमी संपल्यावर हिने तिला फोन लावला. मला वाटलं, आता त्या "नक्कीच"वरून ऐकवणार. ही म्हणाली, "छान केलंस गं. उद्या परत आहेस ना तिथे? तिथेच उभी राहा. फक्त जरा डावीकडे सरक."

दुसऱ्या दिवशी आम्ही आधीच टीव्ही लावून बसलो. ती मुलगी खरोखरच डावीकडे सरकलेली होती. गाड्यांचं काहीतरी सांगत होती बिचारी, पोटतिडकीने. काय सांगत होती ते मला विचारू नका. आम्ही दोघी मागचं बघत होतो.